दोघांपुरते गाऱ्हाणे

सगळ्या जगाने सुटीला मालवणात यायचे, मग मालवणातल्या माणसाने सुटीला जायचे कुठे? हा प्रश्न अक्षयाला गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात पडला. त्याआधी पडला नाही, कारण प्रश्न पडायला माणसाला जेवढा एकांत लागतो, तेवढाही तिला सासरी मिळाला नव्हता.

तिचे सासर खाडीच्या तोंडावरच्या वाडीत. दारात पाटी : 'आनंदी निवास. घरगुती जेवण, राहण्याची सोय.' आनंदी म्हणजे सासू, आनंदीबाई. समुद्राकडच्या खोल्यांत पर्यटक राहत, मागच्या खोल्यांत पर्यटकांचे ड्रायव्हर राहत, आणि उरलेल्या फटींत घरची माणसे राहत. अक्षया आणि तिचा नवरा सिद्धेश यांच्या वाट्याला आली होती ती स्वयंपाकघर आणि ओटी यांच्या मधली खोली. खोली कसली, वाट होती ती. तांदळाचे पिंप तिथे, कोकमाच्या बरण्या तिथे, उन्हाळ्यात केलेले फणसाचे पापड तिथे. त्यामुळे आनंदीबाई दिवसातून कितीही वेळा आत येई. येताना खोकायची तिला सवय होती, नाही असे नाही. पण खोकायची ती आत आल्यावर.

त्या दाराला आतून कडी नव्हती. आनंदीबाईच्या मते घरच्या माणसांना कडी लागत नाही, कडी चोरांसाठी असते. शिवाय तिचा कान असा तयार, की खाडीत पाण्याखाली एखाद्या पापलेटाने कूस बदलली तरी तिला ओट्यावर ऐकू यावे. नवरा-बायकोने उशीवर डोके ठेवून काही कुजबुजायचे, तर भिंतीपलीकडून आवाज येई, "व्हय गो, सकाळी बांगडे दोन दाली जास्त घे म्हणान सांग तेका."

मग हे पोर आले कुठून, असे कोणी विचारील. विचारायचेच असेल तर पुण्याच्या त्या कुटुंबाला विचारावे, ज्यांनी गेल्या मे महिन्यात ऐन वेळी बुकिंग रद्द केले. समुद्राकडची खोली एक रात्र रिकामी पडली होती. त्या खोलीला कडी होती.

तर आता सातवा लागला होता. थोड्याच दिवसांत ओटी भरली जाणार, मग खारेपाटणकडचे माहेर तिला घेऊन जाणार. परत यायची ती पोर घेऊन, आणि मग त्या खोलीत पिंप, बरण्या, पापड यांच्या जोडीला पाळणा, दोन्ही घरच्या आज्या आणि धुरी द्यायला येणारी शेजारची काशीबाई. नवऱ्याशी धड चार शब्द बोलायचे तर ते आत्ताच, दिवाळीची गर्दी ओसरली होती आणि नाताळाची यायची होती तेवढ्यात. नाहीतर मग पोराच्या लग्नानंतरच.

सिद्धेश होडी धुवत होता तिथे ती पोट सांभाळत गेली. लोकांना डॉल्फिन दाखवायचा त्याचा धंदा. माणूस भला. इतका भला, की कोणालाही नाही म्हणणे त्याला जमत नसे. एकदा दिल्लीच्या बायकांनी देवमासा मागितला, तेव्हाही 'बगूया' म्हणाला होता.

"माका दोन दिस खंय तरी घेवन चल," अक्षया म्हणाली.

"खंय?"

"खंय पण. जंय तुजी आवस नाय, थंय."

आवस, म्हणजे आई, नाही अशी जागा म्हटल्यावर सिद्धेशने हातातली बादली खाली ठेवली आणि समुद्राकडे बघितले. "ओरोसाक जावया?" तो अखेर म्हणाला. "होडयेच्या कागदांसाठी माका तसा पण जावचाच आसा. एष्टी सरळ थंय जाता."

"ओरोसाक? माणसा आपल्या बायलेक गोव्याक नेतत, केरळाक नेतत. तू माका कलेक्टर कचेरी दाखव!"

"बरी आसा गो कचेरी. बाकडा आसत, पंखे आसत..."

"व्हय, नि प्वार थंयच झाला तर जल्माच्या दाखल्यार हातासरशी शिक्को पण मारून गावतलो."

शेजारी मेहबूब आपल्या गाडीची काच पुसत होता. कुडाळ स्टेशनवरून पर्यटक आणायचे काम त्याचे. त्याचा आणि सिद्धेशचा बालपणापासूनचा दोस्ताना. तो मान वर न करता म्हणाला, "माजी भैण आसा रेडीक. बुशरा. घोव तिचो बंदरार कामाक. माडयेर एक खोली भाड्यान देता. समोर दर्या, लोखंडाची माती न्हेणारी जहाजा, नि एका बाजूक यशवंतगड. दुसरा काय एक नाय थंय. म्हणान कोण जाणा नाय."

"दाराक कडी आसा?" अक्षयाने विचारले.

"कसली कडी?"

"आतसून लावची."

मेहबूब तीन पोरांचा बाप. त्याला बरोबर समजले. "आसा गो भैणी. दोन आसत. एक वयर, एक खाल."

दोन कड्या! अक्षयाच्या अंगावर काटा आला. त्या दिवसापासून तिला चिंचेचे नाही, पेरूचे नाही, त्या दोन कड्यांचे डोहाळे लागले.

*

दुपारी जेवताना सिद्धेशने विषय काढला. म्हणजे काढायला अक्षयाने त्याला पाटाखालून चिमटा काढला.

"आये, आमी दोगा रेडयेक जावन येताव. दोन दिस."

आनंदीबाईच्या हातातली डाव सोलकढीत थांबली. "दोगाच?" हा शब्द तिने असा उच्चारला, जसा कोणी 'पटकी' म्हणावा. "पोटुशी बायल एकटी जातली?"

"एकटी खंय? हे आसत ना माज्यावांगडा," अक्षया म्हणाली. एरवी ती नवऱ्याला 'तू' म्हणे. सासूसमोर तो 'हे' होई.

"ह्यो? तेका काय कळता? वाटेत कळा येवंक लागल्यो तर ह्यो तुका डॉल्फिन दाखवीत!" आनंदीबाईने डाव पुन्हा चालू केली. "मी येतंय."

सिद्धेश म्हणाला, "बरा." अक्षयाने त्याला दुसरा चिमटा काढला, पण उशीर झाला होता.

पुढचे सगळे उतारावरून सुटलेल्या गाडीसारखे झाले. आनंदीबाई जाणार तर सासरे महादू यांना पेज कोण देणार? म्हणून महादू येणार. आनंदीबाईची बहीण काशीबाई कुंपणापलीकडे राहते. दोघी बहिणी जन्मात एकमेकींशिवाय कुठे गेल्या नाहीत, दवाखान्यातसुद्धा दोघींचे दात एकाच दिवशी काढले होते. म्हणून काशीबाई येणार. काशीबाईचा मुलगा ओमकार आईला सोडून राहत नाही, आणि ओमकारची बायको ओमकारला नजरेआड करत नाही. संध्याकाळी भजनी मंडळाला कळले की रेडीला गणपतीचे देऊळ आहे. मंडळाने त्या गणपतीला पूर्वी कधीतरी भजन कबूल केले होते, ते त्याच क्षणी सगळ्यांना आठवले. मंडळ म्हणजे पखवाज आला, पखवाज म्हणजे त्याला मांडीवर घेऊन बसणारा माणूस आला.

सिद्धेश प्रत्येकाला 'बरा' म्हणत गेला. मोटरसायकलवरून निघालेला बेत रिक्षात गेला, रिक्षातून मेहबूबच्या सात सीटच्या गाडीत, तिथून भाड्याच्या सतरा सीटच्या टेम्पोत. शनिवारी तर कोणीतरी एसटीची अख्खी गाडीच करारावर मिळते का याची चौकशी करून आले. सामान वेगळेच : शेगडी, तांदूळ, नारळ, नारळ खवायला आडाळा, आणि एवढ्या माणसांना घावणे घालायचे तर तवा एक पुरणार नाही म्हणून दोन.

"घावणे कोण घालतला?" अक्षयाने विचारले.

"तूच घालतलंस, आणि कोण? बसान घाल. बसल्या बसल्या तुजो येळ जातलो," आनंदीबाई मायेने म्हणाली. माया खरीच होती. त्या बाईने सुनेसाठी रोज शहाळे काढून ठेवले, कधी जड भांडे उचलू दिले नाही. फक्त एकटे सोडणे म्हणजे टाकून देणे, अशी तिची समजूत होती, आणि आपल्या माणसाला ती टाकून द्यायला तयार नव्हती.

अक्षया रडली नाही. रडायला तरी कुठे जाणार? खोलीत काशीबाई पापड मोजत होती.

*

परसात माडांखाली महादूची जुनी होडी पालथी पडलेली होती. 'लक्ष्मी' तिचे नाव. ती होडी वादळात आपणहून किनाऱ्याला आली आणि येताना दुसऱ्या दोन होड्या दोराने ओढत घेऊन आली, असे महादू सांगे. आता तिच्याखाली कोंबड्या अंडी घालत. महादू रोज दुपारी तिला पाठ टेकून विडी ओढायचा आणि गप्प बसायचा. गप्प बसायचा कारण घरात त्याचे वाक्य कधी पुरे होत नसे. 'आज वारो...' एवढे तो म्हणाला की पुढचे आनंदीबाई म्हणायची, आणि ते वाऱ्याबद्दल नसायचे.

पण एक जागा अशी होती जिथे महादू बोले आणि सगळे ऐकत. गाऱ्हाणे. राखणदार म्हणजे वाडीची राखण करणारा देव. त्याच्यापुढे नारळ ठेवून काही सांगायचे असले, की महादूच उभा राहायचा. पिढीजात मान त्याच्या घराचा. तो एकेक वाक्य बोलणार, आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला हात जोडून 'व्हय म्हाराजा' म्हणायचे. चाळीस वर्षांच्या संसारात आनंदीबाई नवऱ्याला 'व्हय' म्हणाली असेल तर ती तिथेच.

आणि तिथे म्हटलेले मोडायचे नाही. का, ते ओमकारला विचारा. दोन वर्षांपूर्वी महादूने गाऱ्हाण्यात मध्येच घातले, 'नि आमच्या ओमकारान बाटलेक हात लावचो नाय म्हाराजा', आणि ओमकारानेच सगळ्यांत मोठ्याने 'व्हय म्हाराजा' म्हटले. त्याच्या डोळ्यांवर तेव्हा आदल्या दिवसाची झापड होती. आठवड्याने त्याने माडाखाली बसून ग्लास भरला, ओठाला लावणार तोच वरून नारळ आला तो नेमका ग्लासावर. ग्लासाचा चुरा झाला, नारळाला ओरखडा नाही, ओमकारच्या मिशीचा केस वाकडा नाही. तेव्हापासून ओमकार सरबत पितो, तेही पत्र्याखाली बसून.

आता सून शीव ओलांडून जाणार, तीही भरल्या पोटाने, म्हणजे निघण्याआधी राखणदाराला सांगणे आले. गाऱ्हाणे रविवारी सकाळी ठरले होते. तिथूनच गाडीत बसायचे.

अक्षया होडीपाशी येऊन हळूच टेकली.

"बाबानू, उद्याचा गाऱ्हाणा तुमीच घालतलात ना?"

"माज्याशिवाय हय कोण घालता?"

"मगे त्यात वायच आमच्या दोगांचा पण घाला."

"घालूचाच आसा. वाट सुखाची होवंदे, प्वार..."

"ता नाय. दोगांचाच. दोगांनीच जावचा, ह्या."

महादूने विडी कानावर ठेवली. विडी पेटलेली आहे हे त्याला जरा वेळाने कळले. "देवाक आडून गोळी मारूक सांगतंस माका?"

"आडून खंय? समोर उभे रवान सांगा. सगळे आयकतले. कोणाक नको आसात तेना गप रवाचा."

म्हातारा हसला. आवाज न करता हसायची त्याला सवय होती. आवाज केला असता तर स्वयंपाकघरातून 'काय झाला?' आले असते. "देवाकडे फुकट काय मागूक गावणा नाय, सूनबाय."

"काय व्हया तुमका? विडयो?"

"विडयो होयोच. पण आजून एक." त्याने होडीच्या बुडावर थाप मारली. आतून कोंबडी ओरडली. "ता मी थंयच सांगान."

*

रविवारी राखणदाराच्या घुमटीपुढे अशी गर्दी, की राखणदारालाच वाटले असावे जत्रा आहे. सतरा सीटचा टेम्पो रस्त्यावर उभा, टपावर शेगडी आणि दोन तवे बांधलेले. पखवाज पुढच्या सीटवर बसून तयार. मेहबूबने आपली गाडीही आणली होती, सामान फार झाले तर असू दे म्हणून. तो चावी हातात धरून बाजूला उभा राहिला. आनंदीबाई नव्या लुगड्यात सगळ्यांत पुढे, तिच्याशेजारी काशीबाई.

महादूने केळीच्या पानावर नारळ ठेवला, पानाचा विडा ठेवला, घसा साफ केला.

"बा देवा राखणदारा, बारा वाटेच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या तुज्या लेकरांनी तुजो नारळ-इडो तुज्या फुडे ठेवल्यानी हा, तो गोड मानून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"काय चुकला आसात, काय ऱ्हवला आसात, तर तां पोटात घाल म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

एक लय असते त्याला. तीन-चार वाक्ये झाली की माणूस ऐकत नाही, नुसता म्हणतो. मान आपोआप खाली जाते, डोळे अर्धे मिटतात, आणि तोंड आपल्या हिशेबाने उघडते. आनंदीबाईचे मन तर तव्यांकडे होते. नीट बांधले आहेत ना, की वळणावर पडतील?

"माजी सून भरल्या पोटान तुजी शीव वलांडता, तिच्या वाटेतलो काटो काढ, खड्डो बुजव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"मेहबूबाच्या गाडयेचो टायर सांबाळ म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मेहबूब बाजूला हळूच 'आमीन' म्हणाला. टायर त्याचा होता.

"तिच्यावांगडा तिचो घोव जाता, तेका शाणो कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"नि त्या दोगांच्या वांगडा तिसऱ्या कोणी जावचा नाय, हट्टान गेल्यास तर तेका अर्ध्या वाटेर उतरून चलत घराक धाड म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत खणखणीत आवाज आनंदीबाईचा होता. घुमटीवरचा कावळा उडाला.

महादू थांबला नाही. थांबला असता तर संपला असता. "नि ह्या दोन दिसात म्हाताऱ्याच्या इडयेक कोणी नाव ठेवूचा नाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

अक्षयाला आनंदाने आता काही ऐकू येत नव्हते. तिच्या डोळ्यांपुढे दोन कड्या होत्या, एक वर, एक खाली. ती जोरजोरात, हात जोडून, डोळे मिटून सगळ्यांच्या पुढे म्हणत होती.

"नि जा काय प्वार जल्माक येतला, तेचा नाव ह्यो आजोच ठेवतलो, त्यात कोणी तोंड घालूचा नाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

म्हटल्यावर तिने डोळे उघडले. सासरा तिच्याकडे बघत होता. त्याच्या मागे, माडांमधून, पालथ्या होडीचे बूड दिसत होते.

महादूने नारळ फोडला. बरोबर मधोमध दोन झाले. तिसरा तुकडा नाही.

मग काशीबाईने बहिणीला कोपराने ढोसले. "गो आनंदी, तिसऱ्यान जावचा नाय म्हणालो काय तो?"

"कोण म्हणालो?"

"तू व्हय म्हटलंस!"

"मी?" आनंदीबाई गर्रकन वळली. "मी काय आयकान म्हटलंय? सवयेन म्हटलंय!"

"देवाक तुजी सवय खंय म्हायत?" महादूने विडी पेटवली. सगळ्यांसमोर, बायकोसमोर, आणि धूर सावकाश सोडला. "तुका मान्य नसात तर तू घाल गाऱ्हाणा. परत माग. हय उभी रव, मी बाजूक होतंय."

आनंदीबाई एक पाऊल पुढे गेलीही. पण ओमकार आड आला. त्याचा चेहरा पांढराफटक होता आणि तो वर माडाकडे बघत होता. "मावशे, ह्या नादाक लागा नको. माका इचार."

आनंदीबाईने वर बघितले. नारळांचा घड वाऱ्यावर जरासा हलला. ती मागे आली.

टेम्पो रिकामा परत गेला. भजनी मंडळाने रागाने तिथेच, राखणदारापुढे, दोन अभंग म्हणून घेतले, पखवाज फुकट यायला नको म्हणून. आनंदीबाई मात्र हरणारी बाई नव्हती. तिसरे माणूस जायचे नाही असे ठरले होते. तिसऱ्या, चौथ्या आणि सतराव्या माणसाचे जेवण जायचे नाही असे कोणी म्हटले नव्हते. मेहबूबच्या गाडीच्या सगळ्यांत मागच्या दोन्ही सीट डब्यांनी भरल्या. सुंगटांचे सुके, खाजा, लाडू, आंबोळ्या, आणि एक मोठा डबा नुसत्या मिठातल्या कैऱ्यांचा.

गाडी सुटताना आनंदीबाईने खिडकीतून डोके आत घातले. अक्षयाला वाटले, आता ही बसणारच. पण म्हातारी नुसते म्हणाली, "पाण्यात पाय घालू नको. नि तेका एकट्याक सगळे लाडू खावंक दिव नको." आणि पटकन मागे झाली. बहुधा अर्ध्या वाटेवर उतरून चालत यायचे तिला आठवले.

*

बुशराची माडीवरची खोली मेहबूबने सांगितली होती तशीच. समोर समुद्र, लांब एक लाल मातीने माखलेले जहाज, डावीकडे किल्ल्यावरची झाडे. खाली मेहबूबने अर्धे डबे बुशराकडे दिले आणि 'परवा येतंय' म्हणून गेला.

अक्षयाने दार लावले. वरची कडी लावली. खालची लावली. पुन्हा काढली, पुन्हा लावली. खट्, खट्. एवढा गोड आवाज तिने लग्नाच्या सनईचासुद्धा ऐकला नव्हता.

"काय करतंस?" सिद्धेशने विचारले.

"काय नाय. सुटी घेतंय."

मग मोठीच अडचण आली. बोलायचे काय? पलंगावर दोघे शेजारी शेजारी बसले, एसटी स्टँडवर दोन अनोळखी माणसे बसतात तसे. कोणी हाक मारीना. कोणी तांदूळ न्यायला येईना. सिद्धेशला ते सोसेना. थोड्या वेळाने तो उठला, खाली गेला, आणि बुशराच्या शेजाऱ्यांना डॉल्फिन बघायचे आहेत का, ते विचारून आला.

"सुटयेर आसंस तू!" अक्षया ओरडली. आणि ओरडून तिने तोंडावर हात घेतला. मग तो हात काढला. कोण ऐकणार होते? "सुटयेर आसंस तू, मेल्या!" तिने आणखी मोठ्याने म्हटले, नुसते चव बघायला.

दुसऱ्या दिवशी दोघांनी आंबोळ्या खाऊन अख्खी दुपार पोराचे नाव या विषयावर काढली. मुलगी झाली तर अक्षयाच्या मनात मायरा होते. ते आता गेले.

"बाबा लक्ष्मी ठेवतले," ती म्हणाली. "होडयेचा नाव! माज्या चेडवाच्या नावाखाली कोंबडयो अंडी घालतत!"

"लक्ष्मीच ठेवतले तर देवाक दुसरो नारळ दी," सिद्धेश म्हणाला. "झिल झालो तर काय करतलंस? बाबांची दुसरी होडी होती ती म्हायत आसा तुका?"

"तिचा नाव काय?"

"जय हनुमान नंबर दोन."

अक्षया एवढी हसली, की पोटातल्याने आतून लाथ मारली. तिने नवऱ्याचा हात ओढून तिथे ठेवला. आणखी एक लाथ बसली तसा सिद्धेशने हात झटकन काढून घेतला.

"काय झाला?"

दाराकडे बघितले त्याने. दोन्ही कड्या लागलेल्या होत्या. तरीही आवाज खाली आणूनच म्हणाला, "माका भंय वाटता."

"कसला?"

"हातातसून निसटला तर? इतक्या इतक्या आसतला. मी आजवर हातात धरलंय ता मासोळी नायतर नांगर. मासोळी निसटता, नांगर आपटता." त्याने आपले दोन्ही तळवे तिच्यापुढे धरले. दोराने सोललेले, घट्टे पडलेले, मिठाने फाटलेले. "आवशीक सांगलंय तर ती सगळ्या वाडयेक सांगतली. काशीमावशी तर हसान मरात."

अक्षयाने ते हात आपल्या पोटावर ठेवले आणि वर स्वतःचे ठेवले, निसटायला जागा नको म्हणून. लग्न झाल्यापासून हा माणूस सगळ्यांना 'बरा' म्हणत आला होता. ही पहिली गोष्ट त्याने आपण होऊन सांगितली होती. घरी सांगितली नसती. तिथे सांगायला एवढा वेळ शांत बसावे लागते, आणि एवढ्या वेळात कोणीतरी कोकम न्यायला आलेच असते.

"ह्याच्यासाठी दोन कडयो होयो होत्यो," ती म्हणाली.

*

फाल्गुनात मुलगी झाली. सिद्धेशच्या हातातून निसटली नाही. उलट त्याने पहिल्यांदा घेतली तेव्हा इतकी घट्ट धरली, की नर्सने ओरडून सोडवली. नाव लक्ष्मी ठेवले. अक्षयाने दोन दिवस तोंड फुगवले, पण पोरगी रडायची ती अशी, की खाडीपलीकडच्या होड्या धक्का सोडून बाजूला व्हायच्या. मायरा नावाच्या मुलीला हे शोभले नसते.

अक्षया माहेराहून परतल्यावर केलेल्या बारशाच्या दिवशी राखणदाराला नारळ द्यायचा होता. सगळी वाडी पुन्हा जमली. महादू उभा राहिला. "बा देवा राखणदारा, बारा वाटेच्या म्हाराजा!"

कोणी काही म्हणेना.

लोक विचार करत होते. त्या रविवारपासून वाडीत ही नवी रीत पडली होती : आधी वाक्य पुरते ऐकायचे, त्यात आपल्याविरुद्ध काही आहे का ते बघायचे, आणि मगच तोंड उघडायचे. जे गाऱ्हाणे पूर्वी नारळाला ऊन लागायच्या आत संपे, त्याला आता दुपार होई. "बारा वाटेच्या म्हणजे खंयच्या खंयच्या?" ओमकारने विचारले. ती खात्री पटल्यावर लोक एकेक करून म्हणाले, "व्हय म्हाराजा."

असे करत करत, घाम पुसत, महादू शेवटाला आला. पोरीला आयुष्य मागून झाले, दृष्ट उतरवून झाली. त्याने एकदा पालथ्या होडीकडे बघितले, एकदा जमिनीकडे.

"नि चेडू वायच मोठा झाला की," तो म्हणाला, "तेका आवशी-बापाशीकडे ठेवून, म्हाताऱ्यान नि म्हातारेन दोगांनीच दोन दिस रेडयेक जावन येवचा म्हाराजा."

माणसे वाक्य तपासू लागली. काशीबाई बोटांवर काहीतरी मोजू लागली : दोघांनीच म्हणजे आपण नाही...

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांनी वळून बघितले. आनंदीबाई देवाकडे तोंड करून उभी होती, पदर कपाळावर ओढलेला, हात जोडलेले. या खेपेला तिने ऐकून म्हटले होते.

मग ती सुनेकडे झुकली आणि तोंड न हलवता म्हणाली, "ती कडयेची खोली सांग मेहबूबाक. दोन्ही कडयो चालतत मां अजून?"